शेजार आणि सोबत

आमच्या सुलतानपुरात एसटी स्टँडजवळ माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे घर. घराच्या माडीवर पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तशी पाटी काही लावलेली नाही. पण माझा मुलगा रोज सकाळी साडेनऊला माडी चढतो, दार ओढून घेतो आणि कुणी हाक मारली तर वरून सांगतो, "अब्बा, मी ऑफिसात आहे." २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या तोंडावर तो एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन पुण्याहून आला, तो इथंच राहिला. पगार पुण्याचा, भाकरी घरची. गावातले लोक म्हणाले, पोराचं नशीब काढलं.

मलाही तसंच वाटत होतं. मग एका दुपारी तो खाली आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. त्याच्या गटातला एक मुलगा नोकरी सोडून गेला होता. दोघांनी दोन वर्षं एकाच कामाला हात लावलेला. रोजचं बोलणं. जाताना त्याचा निरोपाचा चार ओळींचा मेल आला आणि संध्याकाळच्या आत यादीतून त्याचं नाव गेलं. मुलगा मला म्हणाला, "अब्बा, तो उंच आहे की बुटका, हेसुद्धा मला माहीत नाही."

मित्रहो, आजचा विषय तसा तंत्रज्ञानाचा आहे. दूरदूर बसून एकत्र काम करणाऱ्या माणसांना जवळ आणण्यासाठी आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीचा कितपत उपयोग होतो, हा तो विषय. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण ते वाक्य ऐकल्यापासून मी या विषयामागे लागलो, आणि जे समजलं ते आपल्याला सांगणार आहे.

आधी दुखणं काय आहे ते पाहू. टाळेबंदीत घरून काम चालतं, हे सगळ्यांना कळून चुकलं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या मोठ्या कंपनीनं एप्रिल २०२० मध्येच जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसं ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. त्याच कंपनीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. मधल्या काळात काय झालं असेल? त्याचं एक उत्तर मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासात सापडतं. त्यांनी आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या कामाचा माग काढला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. माणसं आपापल्या गटात घट्ट होत गेली होती, पण दुसऱ्या गटातल्या माणसांबरोबर जाणारा वेळ सुमारे चौथाईनं घटला होता. कामं होत होती, पण गटागटांमधले पूल खचत होते.

आता कुणी म्हणेल, व्हिडिओ कॉल आहे ना! चेहरा दिसतो, आवाज येतो, आणखी काय हवं? यावर मी माझाच अनुभव सांगतो. २०२० च्या पावसाळ्यात मी एका ऑनलाइन कविसंमेलनात कविता वाचली. सूत्रसंचालकांनी सुरुवातीलाच सगळ्यांना आपापले माइक बंद ठेवायला सांगितलं. कविता संपली. समोरच्या चौकटींतून काही ओठ हलले, आवाज आला नाही. कुणी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मैफलीत दाद कुठून आली हे कवीला न बघता कळतं. उजवीकडचे जाणकार गप्प आहेत आणि मागची पोरं खूश आहेत, एवढं कळलं की पुढची कविता कोणती काढायची ते ठरतं. त्या दिवशी मला काहीच कळलं नाही. मी ठरवून आणलेल्या तिन्ही कविता वाचल्या आणि लॅपटॉप मिटला.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली. एक, इतके चेहरे इतक्या जवळून सतत आपल्याकडे रोखलेले असणं. दोन, दिवसभर आपलाच चेहरा आरशासारखा समोर असणं. तीन, कॅमेऱ्याच्या चौकटीत खिळून बसावं लागणं. आणि चार, जे हावभाव एरवी आपोआप होतात ते मुद्दाम करून दाखवावे लागणं. ही यादी वाचताना मला माडीवरचा मुलगा दिसला. तो 'हो' म्हणताना अलीकडे फार जोरात मान हलवू लागला होता, जेवतानासुद्धा.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघे बोलले की दोघांचाही आवाज एकाच पोकळीतून येतो आणि कालवा होतो. पण खऱ्या खोलीत आठ माणसं असली, तर दोन-तीन बोलणी एकदम चालतात. शेजारच्याच्या कानाशी लागून "हे काय सांगतायत?" असं विचारता येतं. माणसांची ओळख बहुतेक अशा कुजबुजीत होते. दूरच्या कामात नेमकी ती कुजबुज बंद पडली.

आता त्या हेडसेटकडे वळू. माझ्या लहानपणी सैलानीच्या यात्रेत चित्रांचा पेटारा घेऊन माणूस यायचा. भोकाला डोळा लावला की यात्रा नाहीशी व्हायची आणि आतलं चित्र तेवढं उरायचं. हेडसेटचं पहिलं काम तेच आहे, बाहेरचं जग झाकणं. पण पेटाऱ्यातलं चित्र सपाट असे. खोली दिसते ती दोन डोळ्यांमुळे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं, म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकावरून अंतर काढतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे पटेल. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे दाखवून दिलं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली, की कागदावरची वस्तू पुढं आल्यासारखी वाटते.

दुसरी पायरी १९६८ ची. आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत डोक्यावर घालायचा एक पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. पण त्यात एक नवी गोष्ट होती. मान वळवली की चित्रही त्या प्रमाणात वळायचं. पेटाऱ्यात आपण चित्राकडे बघतो, इथं आपण चित्राच्या आत उभे राहतो. आजच्या हेडसेटमधले लहान कॅमेरे आणि संवेदक डोक्याची आणि हातांची हालचाल सेकंदाला कितीतरी वेळा मोजतात आणि तेवढ्याच झपाट्यानं चित्र बदलतात. त्यात थोडी जरी दिरंगाई झाली तरी मेंदू फसवणूक ओळखतो.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि आपल्या विषयासाठी मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. हेडसेट हा फरक मुद्दाम निर्माण करतो. त्यामुळे भुवनेश्वरला बसलेला माणूस आपल्या डाव्या हाताशी बसल्यासारखा बोलतो आणि दूर गेला की त्याचा आवाजही लहान होतो. म्हणजे कुजबुज पुन्हा शक्य होते.

२०२३ च्या हिवाळ्यात मुलाच्या कंपनीनं त्याच्या गटातल्या आठ जणांना महिनाभरासाठी असे हेडसेट पाठवले. माणसं पुणे, नागपूर, कोची, भुवनेश्वर अशी विखुरलेली. पहिल्या दिवशी बेगम माडीवर चहा घेऊन गेली आणि तशीच खाली आली. म्हणाली, "अजी, वर चला जरा. पोरगा भिंतीकडे वाकून हसतोय."

नंतर एकदा त्यानं माझ्याही डोळ्यांवर ते चढवलं. समोर गोल टेबल आणि भोवती बाहुल्यांसारखी माणसं. त्यांना 'अवतार' म्हणतात. शब्द आपल्याच घरचा, पण या अवतारांना कमरेच्या खाली पाय नव्हते. "नमस्ते अंकल," असा आवाज उजवीकडून आला आणि मी न ठरवता उजवीकडे पाहिलं. ती नागपूरची मुलगी, त्यांच्या गटाची प्रमुख. चेहरा तिचा नव्हता. पण ऐकताना मान किंचित तिरकी करायची तिची सवय त्या बाहुलीत जशीच्या तशी उतरली होती. कोचीचा एक जण फार जवळ आला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली. माडीवर खरी खुर्ची सरकली आणि सगळे हसले. मीही हसलो. कवितेच्या त्या संध्याकाळी जे मिळालं नव्हतं ते मला इथं मिळालं, हे कबूल केलं पाहिजे.

पण मग मुलानं मला त्या खोलीतून बाहेर फिरवायला नेलं आणि दोन मिनिटांत पोटात ढवळलं. बुलडाण्याहून मलकापूरला उतरताना राजूर घाटात गाडी लागते तसं. कारणही तेच, फक्त उलटं. गाडीत शरीराला हालचाल कळते, पण डोळे पुस्तकात असतात. इथं डोळ्यांना चालल्यासारखं दिसतं आणि कान सांगतात की तू खुर्चीत बसला आहेस. शिवाय पडदा कायम एकाच अंतरावर असतो, म्हणून डोळ्यांची भिंगं तिथंच रोखलेली राहतात, आणि बुबुळं मात्र जवळ-लांब वळत राहतात. त्या ओढाताणीनं डोळे दुखतात. जर्मनीतल्या व्हेरेना बीनर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यात पाच दिवस, रोज आठ तास हेडसेट लावून एकट्यानं काम करायचं होतं. अठरांपैकी दोघांनी पहिल्याच दिवशी काम सोडलं. उरलेल्या सोळांना काम जड वाटलं, चिडचिड वाढली, डोळे शिणले. तेव्हा ही वस्तू दिवसभर घालायची नाही, हे पक्कं समजावं.

मुलाच्या गटाचंही पहिल्या दोन आठवड्यांत तेच झालं. कंपनीनं सांगितलं, आढावा बैठका यातच घ्या. बैठकीत टिपणं घेता येईनात, नाकावर वजन, चष्मेवाल्यांचे वेगळेच हाल. एकाची अर्धशिशी उठली. इकडे सुलतानपुरात मधेच लाइट गेली की माझ्या मुलाचा अवतार बोलता बोलता थिजायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्या नागपूरच्या मुलीनं बैठका पुन्हा साध्या कॉलवर नेल्या आणि हेडसेटसाठी वेगळी वेळ काढली. शुक्रवारी दुपारी चार, वीस मिनिटं, कामाचा विषय काढायचा नाही, नोंद ठेवायची नाही. जागा निवडली ती शेकोटीची, उघड्या आभाळाखाली. अर्धशिशीवाला नुसत्या आवाजानं यायचा, पण त्याची जागा शेकोटीपाशी रिकामी ठेवलेली असायची. तिथं दोघे एका बाजूला क्रिकेटचं बोलायचे, तिघे दुसऱ्या बाजूला घरभाड्याचं. माझा मुलगा भुवनेश्वरच्या मुलाशेजारी बसायचा. पुढं काम अडलं की दोघे एकमेकांना सरळ फोन करू लागले. आधी ते मेल लिहून दुसऱ्या दिवसाची वाट पाहायचे. फरक म्हणाल तर एवढाच, पण मला तो मोठा वाटला.

नंतर समजलं, की स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थ्यांचे गट आठ आठवडे अशा आभासी जागांत भेटवून पाहिले होते. २०२३ साली छापलेल्या त्या अभ्यासाचा सूर असाच आहे. कोंदट खोलीपेक्षा प्रशस्त आणि निसर्गाच्या सान्निध्यातल्या जागेत माणसं अधिक खुलतात, आणि पहिल्या भेटीपेक्षा पुढच्या भेटींत जवळीक वाढत जाते.

मोठ्या कंपन्यांनीही यात भरपूर पैसा ओतला. फेसबुकनं ऑगस्ट २०२१ मध्ये 'होरायझन वर्करूम्स' नावाची आभासी बैठकीची खोली उघडली आणि दोनच महिन्यांनी स्वतःचं नाव बदलून 'मेटा' ठेवलं. त्याच वर्षी अॅक्सेंचरनं नव्यानं रुजू होणाऱ्यांना कंपनीची ओळख करून देण्यासाठी ६०,००० हेडसेट घेतले. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये 'टेकएमव्हर्स' जाहीर केलं. मग लाट ओसरली. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये घेतलेली 'अल्टस्पेस व्हीआर' ही गप्पांची जागा मार्च २०२३ मध्ये बंद केली. मेटाच्या वर्करूम्सही फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद झाल्या. किंमत, वजन, डोळ्यांचा शीण ही कारणं आहेतच. मला आणखी एक दिसतं. त्यांनी टेबल, फळा, खुर्च्या असलेली बैठकीची खोली हुबेहूब उभी केली, पण ऑफिसातली माणसं एकमेकांची होतात ती बैठकीत नाही, चहाच्या टपरीवर.

हे आपल्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. आपल्याकडे इर्जिक असे. एखाद्याचं शेत मागे पडलं की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरायचे आणि दिवसात काम उरकायचे. मजुरी नाही, फक्त जेवण. त्या जेवणाच्या पंगतीत सोयरिकी जमायच्या, भांडणं मिटायची. नुसतं काम उरकून सगळे पांगले असते, तर पुढच्या इर्जिकीला कोण आलं असतं?

तेव्हा ज्यांची मुलं अशी माडीवरच्या ऑफिसात आहेत, किंवा जे स्वतः अशा गटांचे प्रमुख आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. हेडसेट मिळाला तर वापरा, पण बैठकीसाठी नको, पंगतीसाठी वापरा. वीस-तीस मिनिटं, बसून, ठरलेल्या वारी, त्याच त्या माणसांसोबत. ज्याला सोसत नाही त्याच्यावर सक्ती नको, त्याला आवाजानं येऊ द्या. आणि एक सावधगिरी. ही पेटी आपली मान, हात, कधी नजरसुद्धा टिपत असते. बेलेन्सन यांनीच २०१८ मध्ये लिहिलं होतं, की वीस मिनिटांत देहबोलीच्या जवळजवळ वीस लाख नोंदी होतात. त्या नोंदी कुणाकडे जातात आणि किती दिवस राहतात, हे नोकरानं विचारलं तर ते उद्धटपणाचं समजू नये. शेकोटीपाशी पहारेकरी बसला की गप्पा थांबतात.

महिना संपला आणि हेडसेट परत गेले. शुक्रवारचे चार मात्र राहिले. आता ते साध्या कॉलवर जमतात, कॅमेरा बंद ठेवून. एका वेळी एकच बोलतो, कुजबुज होत नाही. मुलगा म्हणतो, "शेकोटी होती तेव्हा बरं होतं." पण कुणी गैरहजर असला तर इतर विचारतात. त्या पेटीनं त्यांना शेजार दिला होता. सोबत त्यांनी स्वतः धरून ठेवली.

जून २०२० मध्ये आमच्या जवळचं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पुढं सांगितलं. जगानं ते फोनवर पाहिलं आणि टाळेबंदीमुळे आम्हीही आधी फोनवरच पाहिलं. नंतर काठावर जाऊन उभा राहिलो तेव्हा पाण्याचा तो उग्र वास आला आणि मग मला ते आमचं लोणार वाटलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मुलाच्या गटातले पाच जण ते सरोवर पाहायला आले आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबले. नागपूरची मुलगी दुकानाच्या पायरीशी उभी होती. मान तिरकी करून ती कुणाचं तरी ऐकत होती. मी नाव विचारायच्या आधीच तिला ओळखलं. तिच्या मागून भुवनेश्वरचा मुलगा आला. शेकोटीपाशी बसलेले सगळे सारख्याच उंचीचे दिसायचे. आमच्या घराचं दार जुनं, बुटकं. त्याला चांगलं वाकून आत यावं लागलं. मुलगा त्याच्याकडे पाहत राहिला. मग आत वळून म्हणाला, "अम्मी, भाकरी जास्त टाक. हा केवढा उंच आहे बघ!"